एकच प्याला आणि रोजचा प्याला

मराठींत व्यसनाचा विषय निघाला कीं बोलणाऱ्याच्या तोंडीं पहिलें नांव ‘एकच प्याला’ या नाटकाचें येतें. शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं, तरी ही स्थिति पालटलेली नाहीं. ज्यानें तें नाटक रंगभूमीवर कधीं पाहिलें नाहीं आणि पुस्तकरूपानें वाचलेंहि नाहीं, त्यालासुद्धां सुधाकर कोण व तळीराम कोण हें ठाऊक असतें; दारूबाजाला ‘तळीराम’ म्हणण्याची रूढि तर वर्तमानपत्रांनींहि उचललेली आहे. एखाद्या कलाकृतीनें समाजाला एखाद्या दुःखाकडे पाहण्याची दृष्टि द्यावी, आणि पुढें तीच दृष्टि इतकी रुळावी कीं दुसरी एखादी संभवते याचाच विसर पडावा, असें क्वचित् घडतें. ‘एकच प्याला’च्या बाबतींत तें घडलें आहे असें आमचें मत आहे, आणि त्याचें मोल आज जिवंत माणसांना द्यावें लागत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जगांत गेलीं साठ वर्षें आणखी एक प्याला प्रचारांत आहे. हेरॉइन अथवा अफूच्या जातीच्या दुसऱ्या एखाद्या द्रव्याच्या पूर्ण आहारीं गेलेला मनुष्य रोज ठराविक वेळीं दवाखान्यांत जातो; तेथील परिचारिका त्याच्या हातीं मेथॅडोन नांवाच्या औषधाचा लहानसा प्याला देते; तो तिच्यादेखत तें औषध पितो आणि आपल्या कामाला निघून जातो. दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो. असें महिनोन् महिने, कित्येकदां वर्षानुवर्षें चालतें. मेथॅडोन हें प्रयोगशाळेंत तयार केलेलें असलें तरी जातीनें अफूचेंच भावंड होय. तेव्हां सर्वस्वीं सोडण्याची शपथ हा या उपचाराचा आरंभ नव्हे, आणि कित्येकांच्या बाबतींत शेवटहि नव्हे. गडकऱ्यांच्या नाटकांतल्या एका प्याल्यानें घर बुडविलें. हा प्याला रोजचा आहे आणि त्यानें घर तरतें. या दुसऱ्या प्याल्याला आमच्या साहित्यांत जागा कां नाहीं, आणि ती असावी कीं नसावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम नाटकाकडे वळूं. राम गणेश गडकरी यांचें निधन २३ जानेवारी १९१९ रोजीं आमच्या विदर्भांतच, नागपूरजवळच्या सावनेर येथें झालें. पुढल्याच महिन्यांत गंधर्व नाटक मंडळीनें बडोद्यास ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला, सिंधूची भूमिका बालगंधर्वांनीं केली. आपलें हें नाटक रंगभूमीवर पाहण्याचें भाग्य लेखकास लाभलें नाहीं. कथानक सर्वश्रुत आहे. सुधाकर हा बुद्धिमान्, मानी, तरुण वकील. कोर्टांतील एका प्रसंगानें त्याचा मानभंग होतो, सनदेवर गदा येते, आणि त्या मनस्तापांत तळीराम त्याच्यापुढें पहिला पेला करतो. तेथून पुढें धंदा, अब्रू, पोटचें मूल आणि शेवटीं सिंधू, सारें त्या पेल्यांत बुडतें. आणि सुधाकर स्वतः विष घेऊन संपतो.

या नाटकाचा कणा कोणता? कोणी सिंधूचें पातिव्रत्य म्हणतात, कोणी सुधाकराचा अभिमानी स्वभाव. आमच्या मतें तो कणा म्हणजे प्रतिज्ञा. सुधाकर मध्यंतरीं दारू सोडण्याची प्रतिज्ञा करतो, आणि ती खोटी नसते. शुद्धीवर आलेला हा मनुष्य काम मागावयास बाहेर पडतो. परंतु ज्यांच्यापुढें तो उभा राहतो ते प्रतिष्ठित लोक त्याला झिडकारतात, आणि तो पुन्हां पेल्याकडे वळतो. येथें गडकऱ्यांनीं दोन गोष्टी बरोबर हेरल्या आहेत. एक अशी कीं, सोडलेल्या माणसाला समाजानें उभें राहूं दिलें नाहीं तर सोडणें टिकत नाहीं. दुसरी याहून खोल आहे. व्यसनाच्या चढत्या पायऱ्या सुधाकर स्वतःच रामलालला समजावून सांगतो, आणि शेवटच्या पायरीवरून परत फिरणें माणसाच्या हातीं उरत नाहीं, हें त्याच्याच तोंडून आपण ऐकतों. इच्छाशक्ति ही जेथें पुरी पडत नाहीं अशी एक जागा आहे, हें सत्य मराठी रंगभूमीवर इतक्या स्पष्टपणें पूर्वीं कोणीं मांडलें असेल असें वाटत नाहीं.

परंतु हें सत्य पाहूनहि नाटक त्यापाशीं थांबत नाहीं. सुधाकराच्या जोडीला त्यांत भगीरथ आहे. प्रेमभंगानें पिऊं लागलेला हा तरुण रामलालच्या उपदेशानें सावरतो आणि लोकसेवेच्या मार्गाला लागतो. म्हणजे नाटकाच्या जगांत दोनच वाटा उरतात: सुधाकराप्रमाणें बुडणें किंवा भगीरथाप्रमाणें निखालस सुटणें. वैद्यकाला तर तेथें थट्टेपलीकडे कांहींच काम नाहीं. तळीरामाच्या अंथरुणापाशीं डॉक्टर आणि वैद्य यांची जी जुंपते ती पाहून प्रेक्षक पोट धरून हंसतो. त्या हंसण्यांत अन्याय नाहीं. १९१९ सालीं वैद्यकापाशीं या रोगावर देण्याजोगें फारसें कांहीं नव्हतेंच. गडकऱ्यांनीं आपल्या काळांतील वैद्यकाची रिकामी झोळी दाखविली, एवढेंच. दोष लावावयाचा तर तो आपल्याला लावला पाहिजे. कारण झोळींत कांहीं पडल्यावरहि आपण त्याच दृश्याला शेवटचा शब्द समजत राहिलों.

या दोन वाटांची सीमा ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न मराठींत झाला तो अनिल अवचट यांच्या ‘गर्द’मध्यें. १९८० नंतरच्या दशकांत मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतून ब्राऊन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, शिरलें. पोरें त्याला ‘गर्द’ म्हणूं लागलीं. अवचटांनीं त्या पोरांत बसून, त्यांचें बोलणें ऐकून लिहिलें. त्या गद्यांत अलंकार नाहीं, उपदेश नाहीं. आणि म्हणूनच वाचकाच्या मनांतला ‘तळीराम’ तेथें विरघळून त्याच्या जागीं एक आजारी मुलगा दिसूं लागतो. त्या लेखनानें हालून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनीं देणगी पुढें केली, आणि अवचट व मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनीं २९ ऑगस्ट १९८६ रोजीं पुण्यास येरवडा येथें ‘मुक्तांगण’ सुरू केलें. लेखनांतून दवाखाना उभा राहावा, हें भाग्य फार थोड्या पुस्तकांना लाभतें. ‘मुक्तांगणा’नें असंख्य घरें सावरलीं, व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून रोगी आहे हें महाराष्ट्राच्या गळीं उतरविलें, आणि घसरलेल्याला पुन्हां दारांत घेतलें. या कार्याविषयीं आमच्या मनांत आदरावांचून दुसरी भावना नाहीं.

तथापि टीकाकारानें नांवाकडेहि लक्ष दिलें पाहिजे. ‘मुक्तांगण’ या शब्दांतच ध्येय सांगितलें आहे: मुक्ति. पूर्ण मुक्ति ज्याला साधली तो धन्य होय. पण ज्याला ती तीनदां, पांचदां, दहादां प्रयत्न करूनहि साधली नाहीं, त्याची कथा कोण सांगणार? ‘गर्द’मुळें सुधाकर रोगी ठरला, परंतु त्या रोग्यानें बरें व्हावयाचें म्हणजे सोडावयाचेंच, ही वाचकाच्या मनांतली अट तशीच राहिली.

येथें वैद्यकाचा पुरावा काय सांगतो तें पाहणें अवश्य आहे. मेथॅडोन हें १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत जर्मनींत वेदनाशामक म्हणून तयार झालें. १९६४ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत व्हिन्सेंट डोल, मेरी निस्वँडर आणि मेरी जीन क्रीक हीं तिघें हेरॉइनच्या जुन्या रोग्यांवर काम करीत होतीं. प्रथम त्यांनीं मॉर्फीन देऊन पाहिलें. तेव्हां रोगी मात्रा वाढवून मागत आणि पुढच्या सुईची वाट पाहात बसून राहात. नंतर मेथॅडोन दिलें. कांहीं दिवसांत त्यांतला एक जण चित्रें काढूं लागला, आणि दुसरा अर्धवट राहिलेलें शालेय शिक्षण पुरें करूं द्या म्हणून मागें लागला. १९६५ सालीं डोल व निस्वँडर यांनीं २२ रोग्यांचा वृत्तांत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि तेथून या उपचाराचा प्रसार झाला.

याचें कारण समजण्यास अवघड नाहीं. हेरॉइनचा अंमल झटकन् चढतो आणि कांहीं तासांत उतरतो. उतरूं लागला कीं अंग मोडून येतें, नाका-डोळ्यांतून पाणी वाहूं लागतें, उलट्या, जुलाब, घाम आणि निद्रानाश यांनीं जीव नकोसा होतो. त्यामुळें त्या माणसाचा सारा दिवस पुढच्या पुडीच्या शोधांत जातो. मेथॅडोन मेंदूंत त्याच ठिकाणीं जाऊन बसतें; पण तोंडावाटे घेतलेलें हें औषध सावकाश चढतें आणि चोवीस तास किंवा त्याहूनहि अधिक टिकतें. मात्रा नीट बसली म्हणजे धुंदीहि येत नाहीं आणि कळाहि येत नाहींत. वर हेरॉइन घेतलें तरी त्याचा पूर्वीचा रंग चढत नाहीं. मग त्या माणसाचा दिवस त्याला परत मिळतो.

याच्या उलट, नुसतें सोडवून घरीं पाठविलेल्या माणसाचें काय होतें? सोडल्यावर थोड्याच काळांत शरीर जुनी मात्रा सोसण्याची शक्ति गमावून बसतें. तो पुन्हां घसरला आणि त्यानें संवयीप्रमाणें पूर्वीएवढीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून तो दगावूं शकतो. प्रतिज्ञा मोडणाऱ्याला गडकऱ्यांच्या नाटकांत पश्चात्तापाला तरी वेळ मिळतो. येथें तो मिळेलच असें नाहीं. अनेक देशांतील पाहण्यांवरून असें दिसून आलें आहे कीं, जोंवर मेथॅडोनचा उपचार चालू असतो तोंवर मृत्यूचें प्रमाण उपचाराबाहेर असलेल्यांच्या निम्म्याहूनहि कमी राहतें. आणि उपचार सोडल्यानंतरचे पहिले आठवडे विशेष धोक्याचे असतात. सुईवाटे पसरणाऱ्या एच.आय.व्ही.लाहि यामुळें आळा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेनें २००५ सालीं मेथॅडोन व त्याचेंच दुसरें भावंड ब्युप्रेनॉर्फिन यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादींत समावेश केला तो याच कारणानें.

हें सर्व परदेशचें, आपल्याला काय त्याचें, असें म्हणण्यासहि जागा नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९५९ पर्यंत अफूची औषधाव्यतिरिक्त विक्री बंद करण्याचें सरकारनें ठरविलें, तेव्हांसुद्धां नोंदलेल्या जुन्या अफूबाजांना वैद्यकीय दाखल्यावर ठराविक अफू मिळण्याची सोय ठेवण्यांत आली होती. कारण म्हाताऱ्या अफूबाजाची अफू एकदम तोडली तर काय होतें हें आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतें. पुढें ब्युप्रेनॉर्फिनची जिभेखालीं ठेवावयाची गोळी आली, आणि २००७-०८ पासून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनें तिचीं केंद्रें चालविलीं. मेथॅडोनचा प्रयोग २०१२ पासून देशांतील निवडक रुग्णालयांत झाला. त्यांत मुंबईचें के.ई.एम. होतें. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यांत २०१४ सालीं दुरुस्ती होऊन ‘अत्यावश्यक’ मादक औषधांचा निराळा वर्ग झाला, आणि त्यांत मेथॅडोन आलें. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठीं दिल्लीच्या एम्सनें केलेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें, अफूच्या जातीच्या द्रव्यांमुळें मदतीची गरज असलेले लोक देशांत सुमारें ७७ लाख आहेत. इतक्या लोकांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न साहित्याच्या कक्षेबाहेरचा कसा म्हणावा?

आतां सर्वांत मोठा आक्षेप. ‘ही तर एका व्यसनाच्या जागीं दुसऱ्या व्यसनाची स्थापना झाली!’ हें वाक्य आमच्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतें. या आक्षेपाचें उत्तर वैद्यकाच्या आधीं व्याकरणानें द्यावें. व्यसन हा शब्द ‘वि’ उपसर्ग आणि ‘अस्’ म्हणजे फेंकणें या धातूपासून आला. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचें आठवें अधिकरण व्यसनांवरच आहे. त्यांत मृगया, द्यूत, मद्यपान यांबरोबर राज्यावर येणाऱ्या संकटांनाहि व्यसनच म्हटलें आहे, आणि माणसाला कल्याणापासून दूर फेंकतें तें व्यसन, असा त्या शब्दाचा अर्थ कौटिल्यानें लाविला आहे. वस्तु कोणती आणि ती किती दिवस घेतली, हें येथें गौण आहे. तिनें माणूस कोठें नेऊन टाकला, हें प्रधान. जी वस्तु माणसाला आपल्या घरापासून, कामापासून आणि शब्दापासून दूर भिरकावते तें व्यसन. आणि जी त्याला रोज सकाळीं परत आपल्या जागीं आणून उभा करते, तिला व्यसन म्हणणें हा भाषेचाच अपराध होय. शरीराला तिची संवय लागते हें खरें, आणि ती एकाएकीं तोडतां येत नाहीं हेंहि खरें. परंतु संवय आणि व्यसन यांतील भेद आपल्या भाषेनें फार पूर्वींच केलेला आहे.

याचा अर्थ मेथॅडोन निरुपद्रवी आहे असा मात्र नव्हे. चुकीच्या मात्रेनें तें प्राण घेऊं शकतें, विशेषतः उपचाराच्या आरंभीं. हृदयाच्या ठोक्यांत तें बिघाड करूं शकतें. घरांतल्या मुलाच्या हातीं पडलें तर अनर्थ होतो. चोरवाटेनें विकलें जाण्याचें भयहि असतें. म्हणूनच तें डॉक्टरांच्या देखरेखीखालीं द्यावयाचें. रोज केंद्राच्या दारांत जाऊन उभें राहण्यांत माणसाच्या स्वाभिमानाला जी टोंचणी लागते, तीहि खरी आहे. एखाद्या चांगल्या कथाकारानें ती टोंचणी लिहावी. उपचाराचे गोडवे गावे अशी आमची मागणी नाहीं.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यापुरतें बोलावयाचें तर येथें घरोघर रडविते ती दारू. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी आणि अलीकडे दुकानें, अशी येथली स्थिति आहे. इकडेहि बंदी व्हावी म्हणून जिल्ह्यांतील स्त्रियांनीं मोर्चे काढले, आणि त्यांच्या संतापाचें कारण ज्याला समजत नाहीं त्यानें सिंधूचें दुःखहि ओळखलेलें नाहीं. मेथॅडोन हें दारूवरचें औषध नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. परंतु शरीराची गरज शपथेनें किंवा हुकुमानें थांबत नाहीं, हा धडा दोन्हींकडे एकच आहे. एप्रिल २०२१ मध्यें, टाळेबंदींत दुकानें बंद असतांना, याच जिल्ह्यांतील वणी येथें दारू मिळेना म्हणून हात धुण्याचें सॅनिटायझर पिऊन सात माणसें मरण पावलीं. दुकान उघडें ठेवावें कीं बंद करावें, यावर आम्हीं वर्षानुवर्षें वाद घातला. दुकान बंद झाल्या दिवशीं त्या माणसांनीं जावें कोठें, या प्रश्नाला आमच्या वादांत स्थानच नव्हतें. त्याच महामारींत, २०२० पासून, अफूच्या जातीच्या द्रव्यांवरील उपचार घेणाऱ्यांना कांहीं दिवसांचें औषध घरीं नेण्याची मुभा देण्यांत आली होती. एका रोग्यापुढें बंद दार आलें, दुसऱ्याच्या हातीं औषधाची पुडी आली. आणि या दोहोंमधलें अंतर म्हणजे एका समाजाची रोगाविषयींची समजूत.

मग साहित्यिकानें काय करावें? अडचण खरी आहे, आणि ती कलेची आहे. नाटकाला उत्कर्षबिंदु हवा असतो. प्रतिज्ञा करणें व मोडणें यांत नाट्य आहे. रोज सकाळीं जाऊन औषध पिण्यांत तें कोठून आणावें? ज्याच्या आयुष्यांत आज कांहींच घडलें नाहीं, हाच ज्याचा विजय, अशा माणसाचें नाटक कसें लिहावें?

याचें उत्तर ‘एकच प्याला’नेंच दिलेलें आहे, असें आम्हांस वाटतें. त्या नाटकांत प्रतिज्ञा सुधाकर करतो. पण घर कोण चालवितें? सिंधू. भावाचें साहाय्य नाकारून ती दळण दळते, आणि लेंकरापुढें घांस धरते. तिच्या दळण्यांत उत्कर्षबिंदु नाहीं; आज दळलेलें पीठ आज संपतें आणि उद्यां पुन्हां जात्याशीं बसावें लागतें. तरीहि शंभर वर्षें प्रेक्षकाच्या डोळ्यांतून पाणी काढलें तें याच रोजच्या कष्टानें. रोजचेपणाचें काव्य गडकऱ्यांना साधलें होतें. तें त्यांनीं पत्नीच्या वाट्याला दिलें, व्यसनी पतीच्या वाट्याला दिलें नाहीं, इतकेंच.

शिवाय आमच्या परंपरेंत प्रतिज्ञेहून निराळी अशी एक वस्तु आहे, तिचें नांव नेम. प्रतिज्ञा एकदां करावयाची असते आणि मोडली कीं ती संपली. भीष्माची प्रतिज्ञा भीष्मालाच शोभते. नेम हा सामान्य माणसाचा. वारकऱ्याचा हरिपाठ रोजचा, एकादशी पंधरवड्याची, वारी वर्षाची. आजारपणानें एखादी वारी चुकली म्हणून कोणी गळ्यांतली माळ काढून ठेवीत नाहीं. पुढल्या आषाढीला तो पुन्हां दिंडींत चालूं लागतो. नेमाला घसरण सोसते, कारण नेम माणसाकडून पराक्रम मागत नाहीं, परत येणें मागतो. मेथॅडोनचा प्याला हा या अर्थानें नेम आहे. व्यसनाच्या कथेंत प्रतिज्ञेच्या जागीं नेम आणून बसविण्याचें काम ज्या लेखकाला साधेल, त्याला विलायती नमुना शोधीत जाण्याची गरज पडणार नाहीं.

वाचकांपाशीं मागणें याहून लहान आहे. ज्यांच्या घरांत किंवा नात्यांत असा एखादा मुलगा आहे, त्यांच्याकडे जाणारा प्रत्येक जण दारांतूनच विचारतो, ‘काय, सुटलें का एकदांचें?’ सुधाकराला झिडकारणारे प्रतिष्ठित लोक याच भाषेंत बोलत. त्याऐवजीं, ‘आज जेवलास का? कामावर गेला होतास का?’ एवढें विचारावें. त्या प्रश्नाचें उत्तर त्याला रोज देतां येईल, आणि कित्येक दिवस तें ‘होय’ असेल.